तीन वाढले

आम्ही दोघांनी मिळून शेवटचं केलेलं काम म्हणजे शेंगा फोडणं. पिंप्राळ्यातल्या घरात, संध्याकाळी, टीव्हीसमोर. मधे सूप, एका बाजूला मी, दुसऱ्या बाजूला बायको, आणि नात पाय पसरून मधोमध. टीव्हीवर बायकांची फुटबॉलची मॅच होती, कुठल्या तरी दोन परदेशांची. देशांची नावं आमच्या जिभेवर बसेनात, म्हणून बायकोनं त्यांना लालवाल्या आणि पांढऱ्यावाल्या करून टाकलं. ती लालवाल्यांच्या बाजूनं होती. का, तर त्यांची गोलकीपर म्हणे तिच्या साक्रीच्या मावशीसारखी दिसत होती.

नात सातवीत. शाळेच्या संघात खेळते. पाय चांगला, गणित वाईट. मुलानं तिला तंबी दिली होती की पुढच्या चाचणीत गणितात नापास झालीस तर बूट माळ्यावर. अडलं होतं एकाच ठिकाणी, शून्याच्या खालच्या आकड्यांत. मला विचारायला आली, तर मी काय सांगणार? मी चौथी शिकलेला माणूस. दिडकी, पाऊणकी अजून तोंडपाठ आहे, पण शून्याच्या खालीही आकडे असतात हे आमच्या गुरुजींनी कधी सांगितलंच नाही.

बायकोनं तर शाळेचं तोंड पाहिलं नव्हतं. तिनं मॅच बघता बघता आपलं आपणच सुरू केलं. लालवाल्यांनी गोल केला की सुपाच्या कोपऱ्यात एक दाणा. त्यांच्यावर गोल झाला की एक टरफल. दाणा आणि टरफल समोरासमोर आले की जोडी उचलायची. मॅच संपली तेव्हा कोपऱ्यात तीन टरफलं उरली.

"उणे तीन!" नात ओरडली. "आजी, तू गोलफरक काढलास!"

"उनं म्हनू नही बेटा, दिवाबत्तीनी येळ शे," बायको म्हणाली. "तीन वाढनात म्हन."

आपल्यात दिवा विझवत नाहीत, वाढवतात. बांगडी फुटत नाही, वाढते. बायकोनं हे फार लांब नेलं होतं. डब्यातलं पीठ संपलं तरी वाढलं, सिलिंडर संपला तरी वाढला. मी म्हणायचो, "वाढला ना? मग दुसरा दाखव, कुठंय?" ती म्हणायची, "तुमना जिभले हाड नही." नाहीच आहे.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती मेली. चहाचं आधण ठेवलं, ओट्यापाशी टेकली, ती टेकलीच. भेटायला आलेले लोक "देवाघरी गेल्या" म्हणत. मी म्हणायचो, मेली म्हणा, मला समजतं. पण सून घर आवरायला लागली तेव्हा सुपाला हात लावू दिला नाही. दाणे, टरफलं, कोपऱ्यातली ती तीन, जशीच्या तशी उचलून कपाटावर ठेवली. कशासाठी, ते मलाही सांगता आलं नसतं.

चौदावा झाला आणि नातीची चाचणी आली. ती नापास झाली.

मुलानं पेपर माझ्यापुढं धरला. "आबा, हे बघा. तीनातून पाच गेले, उत्तर काय? दोन! सगळीकडे असंच. आणि इथं तर पेन्सिलनं लिहिलंय, 'वाढले'. ही गणिताची उत्तरं आहेत का?" त्यानं बूट माळ्यावर टाकले. बाईंनी आठ दिवसांनी पुन्हा चाचणी घेते म्हटलं होतं, तेवढाच धागा उरला.

मी पोरीला गच्चीवर नेलं. विचारलं, "तुला येत नाही, की तू लिहीत नाहीस?"

ती कठड्याशी गेली. मग म्हणाली, "मी त्या दिवशी दिवेलागणीला उणे म्हटलं, आबा. आजीनं अडवलं तरी म्हणून झालं होतं. आणि दुसऱ्या दिवशी आजी..."

आता हे बारा वर्षांचं पोर इतके दिवस एकटं घेऊन बसलं होतं. मला गोड बोलता येत नाही. मी म्हटलं, "येडी आहेस का? तुझी आजी हृदयानं मेली, तुझ्या गोलफरकानं नाही. उणे हा आकडा आहे, शिवी नाही."

ती रडली. मी रडू दिलं. मग खाली येऊन कपाटावरून सूप काढलं.

"लालवाल्यांची पुढची मॅच झाली का?"

"कधीच. जिंकल्या त्या. चार-एक."

"लाव मोबाइलवर. आणि वही घे. आधी आजीचा आकडा लिही."

तिनं टरफलांकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि तीनच्या आधी आडवी रेघ मारली. उणे तीन. घराचं छप्पर काही पडलं नाही.

मॅच बघता बघता आम्ही मांडत गेलो. त्या मॅचमध्ये लालवाल्यांवर झालेल्या गोलाचं एक टरफल. आता चार टरफलं. त्यांनी केलेले चार गोल, चार दाणे. जोड्या लागल्या. शेवटच्या जोडीत टरफल बायकोचं होतं. पोरीचा हात थांबला.

"हे उचललं तर आजीचं एकही नाही राहणार."

"नाही राहणार. उचल."

तिनं उचललं. कोपरा रिकामा झाला. "शून्य," ती म्हणाली, आणि वहीत लिहिलं.

आठही दिवस आम्ही तेच केलं. शून्यापासून खाली, खालून वर. ती पास झाली. एकच गणित चुकलं, उणे गुणिले उणे. ते अधिक कसं होतं ते मलाही समजलं नाही. टरफलांनी ते होत नाही, मी करून पाहिलं. मुलानं स्टूल आणलं, बूट काढले आणि फडक्यानं पुसून दारात ठेवले.

दुसऱ्या दिवशी, रविवारी सकाळी, मी स्वतः गॅस पेटवला. सुपातले दाणे भाजले. एका बाजूनं करपले. ते उजव्या खिशात घातले, मूठभर टरफलं डाव्या खिशात, आणि पोरीच्या मागं मैदानावर गेलो. धुळ्याहून, देवपूरच्या एका शाळेच्या पोरी खेळायला आल्या होत्या. मी कट्ट्यावर बसून मांडत राहिलो. जोडी जमली की टरफल फेकायचं, दाणा खायचा.

मध्यंतरात नात धापा टाकत आली. "किती, आबा?"

मी मूठ उघडली. दोन टरफलं. "दोन वाढले."

"उणे दोन! नीट म्हणा की!" हसली आणि पळाली.

दुसरा हाफ बाकी होता. मी उजव्या खिशातून एक दाणा काढून बोटांत धरून ठेवला.