रब्बींनी मोडलेला शनिवार

मी आज दोन्ही पायांवर उभा राहून फरशी पुसतो, जिने चढतो, बर्फ ओढतो, ते एका रब्बींमुळे. हे आधीच सांगून टाकतो. पुढं जे सांगायचंय त्यात रक्त फार आहे आणि त्या धांदलीत त्यांचा उपकार सांगायचा राहून जाईल, अशी मला धास्ती वाटते. नाव लिहीत नाही. त्यांना ते आवडलं नसतं.

"इथं जरा अंधार आहे, नाही का?" हे त्यांचं शनिवारचं वाक्य. छताकडे बघत, दाढीतून बोटं फिरवत, कुणालाच उद्देशून नाही असं म्हणायचे. म्हणजे मी दिवा लावायचा.

अमेरिकेतल्या ॲन आर्बर शहरात एका सिनेगॉगमध्ये, म्हणजे ज्यूंच्या प्रार्थनामंदिरात, मी झाडलोट करायचो. सांगली जिल्ह्यात कृष्णाकाठी माझं गाव. आठवीत शाळा सोडली, हॉटेलांत भांडी घासत घासत स्वयंपाकी झालो, आणि एका देशी रेस्टॉरंटच्या मालकानं इकडं आणला. वर्षभरात रेस्टॉरंट बंद पडलं. मी अमेरिकेत, कागद वकिलाकडे आणि इंग्रजी पोटापुरतं. अशा माणसाला त्यांनी कामावर ठेवला.

शनिवारी त्यांच्यात काम करायचं नसतं. बटण दाबायचं नाही, फोन उचलायचा नाही, गाडी चालवायची नाही. दुसऱ्याला सरळ सांगून करून घ्यायचंही नाही. म्हणून नुसतं सुचवायचं. मला हे कुठलं ठाऊक? पहिल्याच शनिवारी ते म्हणाले, "आज इथं फार गरम होतंय." मी म्हटलं, "हो ना." आणि आम्ही दोघं घाम पुसत समोरासमोर उभे राहिलो. हीटर ढणढणत होता. शेवटी तेच हसत सुटले.

"रब्बी म्हणजे त्यांचे भटजी ना रे दादा?" मंदारनं मला विचारलं होतं. मंदार पुण्याचा, कॉम्प्युटरवाला. त्याच्या बेसमेंटमध्ये मी राहायचो. मीही तसंच समजत होतो. आमच्याकडं रब्बी म्हणजे शाळू आणि हरभरा. दुसरा रब्बी मी कधी बघितला नव्हता. मी जाऊन थेट त्यांनाच विचारलं.

"पुजारी? छे!" ते म्हणाले. "प्रार्थना इथं कोणीही सांगू शकतो. देवाकडं जायला माझी चिठ्ठी लागत नाही. मी शिकवतो. लोक मला विचारतात, काय करावं. मी सांगतो. मग ते घरी जाऊन त्यांना हवं तेच करतात."

आणि लोक काय काय विचारायचे! एकदा शुक्रवारी एक बाई मटणाच्या रश्शाचं अख्खं पातेलं घेऊन आली. त्यात दुधाचा थेंब पडला होता. दूध आणि मांस त्यांच्यात एकत्र चालत नाही. रब्बींनी पातेल्यात डोकावून पाहिलं, थेंब केवढा ते विचारलं, मग घरी पाहुणे किती येणार तेही विचारलं. "खा," म्हणाले. बाई रडायलाच लागली. ती गेल्यावर मला म्हणाले, "यंग मॅन, नाही म्हणायला अक्कल लागत नाही. हो म्हणायचं तर सगळी पुस्तकं वाचावी लागतात." मी तेव्हा चाळिशीला टेकलेलो. त्यांच्या लेखी यंग मॅनच.

आता त्यांची मारामारी सांगतो.

कामाला लागून आठवडा झाला असेल. जिना पुसत होतो. वरच्या खोलीतून एकाएकी आरडाओरडा ऐकू आला. टेबलावर धाडकन मूठ आपटली. कोणीतरी किंचाळलं, "तू मला मारून टाकणार आहेस!" खुर्ची पडली. मी मॉप घेऊनच वर धावलो, दार ढकललं. रब्बी आणि एक टक्कल पडलेला म्हातारा एकमेकांच्या नाकाला नाक लावून उभे. दोघांचे चेहरे लालभडक. मी मॉप आडवा धरून मधे घुसलो.

दोघंही गप्प झाले. मॉपचं घाण पाणी टेबलावरच्या जाडजूड ग्रंथाच्या अगदी कडेला टपकत होतं.

"हा कोण?" म्हाताऱ्यानं विचारलं.

"हा आपल्याला वाचवायला आलाय," रब्बी म्हणाले.

तो म्हातारा म्हणजे निवृत्त दाताचे डॉक्टर. दर मंगळवारी हे दोघं एकत्र अभ्यास करायचे, आणि त्यांचा अभ्यास असाच असतो. ग्रंथाच्या पानाच्या मधोमध थोडा मजकूर आणि चारी बाजूंनी बारीक अक्षरांत शेकडो वर्षांपूर्वीच्या रब्बींची भांडणं. एक म्हणतो असं, दुसरा म्हणतो तुला काही कळत नाही. डॉक्टर मला म्हणाले, "हे भांडण हजार दीड हजार वर्षं चाललंय. तू एका मॉपनं थांबवणार होतास?"

रब्बींनी मला खुर्ची दिली. "बस. तुझं मत सांग. भिंत पडून माणूस दबलाय. जिवंत आहे का मेला ठाऊक नाही. आज शनिवार. खणायचं का?"

मला घाम फुटला. शाळा सोडल्यापासून कुणी मला असं काही विचारलं नव्हतं. मी म्हटलं, "खणायचं. मग बघायचं वार कुठला ते."

रब्बींनी डॉक्टरांकडे बघून मूठ आपटली. "ऐकलंस?"

त्यावर डॉक्टर म्हणाले, "तो तुझ्या पगारावर आहे."

त्यानंतर इराकचं युद्ध सुरू झालं. टीव्हीवर दिवसभर तेच. मंदारची बायको म्हणायची, "भाऊजी, बसनं एकटे जाऊ नका हं." म्हणून मी एक जुनी गाडी घेतली होती. माझा रंग काळपट, दाढी वाढलेली. दुकानात लोक बघायचे. सिनेगॉगच्या फोनवरही कोणीतरी घाण बोलून ठेवायचं. दोन्हीकडची शिवी एकाच तोंडातून येत असणार, असं मला वाटायचं.

मार्चातला शनिवार होता. बर्फ पडत होता. आत प्रार्थना सुरू होती, मी मागच्या पार्किंगला गेलो. तिथं एक पिकअप उभा आणि दोन धटिंगण मागच्या दारावर काळा रंग फवारत होते. मी "हे!" एवढंच म्हटलं. एवढंच.

पहिला ठोसा कानावर बसला. कानात शिट्टी वाजली आणि ती थांबेचना. दुसऱ्यानं मला दारावर आपटला, परत ओढला, परत आपटला. "जा तुझ्या देशात!" असं म्हणून त्यांनी एका देशाचं नाव घेतलं. तो देश मी नकाशावरही दाखवू शकलो नसतो. मी खाली पडलो. बुटाची लाथ बरगडीत बसली, आतून काहीतरी वाळक्या काटकीसारखं मोडलं. मग एकानं बाटली फोडली आणि ती माझ्या मांडीत खुपसून फिरवली.

शेतात मोटार सुरू केली की पाइपातून पहिलं पाणी गचके देत येतं. तसं रक्त आलं. बर्फावर वाफ निघाली.

दार उघडलं आणि रब्बी बाहेर आले. सत्तरीचा माणूस, अंगावर प्रार्थनेची पांढरी लोकरी शाल. एकानं त्यांच्याही तोंडावर ठोसा दिला. चष्मा उडाला, ओठ फाटला. पण ते मागं हटले नाहीत. त्यांनी त्याच्या कोटाची टोपी दोन्ही हातांनी धरली आणि असे काही ओरडले, की तो पोरगा बिचकला. ओरडण्याचा सराव होता ना! आतून माणसं धावत येताना दिसली, तसे दोघं गाडीत घुसून पळाले.

रब्बींनी अंगावरची शाल काढली, माझ्या मांडीला गुंडाळली आणि बर्फ खरवडायची पट्टी त्यात अडकवून पिळा मारला. मी गुरासारखा ओरडलो. ते गुडघा रोवून माझ्या मांडीवर बसले. "ॲम्ब्युलन्स!" कोणीतरी आत पळालं, परत आलं. हायवेवर गाड्या एकमेकींवर आदळल्या होत्या, ॲम्ब्युलन्सला उशीर होणार होता.

"याची गाडी कुठंय?" रब्बी म्हणाले आणि माझ्या खिशात हात घालून त्यांनी चावी काढली.

सगळी मंडळी दारात उभी होती. म्हातारे, बायका, लहान मुलं. शनिवारी लिफ्टचं बटणसुद्धा न दाबणारा त्यांचा गुरू माझ्या खटारा गाडीच्या ड्रायव्हरच्या सीटवर बसला. मंडळींतल्या दोघांनी मला मागं कोंबला. गाडी सुरू झाली.

त्या प्रवासाची मला अजून स्वप्नं पडतात. चष्मा नाही, समोर बर्फ, रब्बी दोन्ही हातांनी स्टिअरिंग आवळून. लाल सिग्नल आला की "हा कुठला?" असं मलाच विचारायचे आणि उत्तर यायच्या आत पुढं काढायचे. एक टपालपेटी उडवली. मधेच उजवा हात मागं घालून फाडकन माझ्या थोबाडीत दिली.

"झोपायचं नाही! झोपलास तर मी तुला मारीन!"

मनात म्हटलं, मारताच आहात की. आणि पुन्हा एक बसली.

गाल सुजला होता. हॉस्पिटलमधल्या डॉक्टरीणबाईंनी तो मार आधी त्या पोरांच्याच खात्यावर धरला. त्या म्हणाल्या, आणखी थोडा उशीर झाला असता तर हा नसताच.

संध्याकाळी शनिवार संपल्यावर दाताचे डॉक्टर आले. माझ्याकडं नीट पाहिलं, पांघरूण सारखं केलं आणि रब्बींकडं वळले.

"समोरच्या घरातला माणूस गाडी सुरूच करत होता. तो आपल्यातला नाही. त्याला सांगायचं होतंस! शनिवार मोडायची गरजच नव्हती."

"पुस्तक उघड!" रब्बी गरजले. "जिवावर बेतलं असेल तर परक्याला पुढं करायचं नाही. पोराला करायचं नाही. जाणत्या माणसानं स्वतः मोडायचा. सगळ्यांच्या देखत! म्हणजे पुढच्या वेळी कोणी दारात उभा राहून विचार करत बसणार नाही!"

"जाणता म्हटलंय. आंधळा म्हटलेलं नाही! समोरच्याला निदान दिसतं तरी!"

"मी पोचवला ना?"

"टपालपेटीला विचार!"

रब्बींनी माझ्या जेवणाच्या ट्रेवर मूठ आपटली. जेली उडून भिंतीला चिकटली. नर्स धावत आली आणि दोघांना बाहेर काढलं. माझ्या मोडलेल्या बरगडीत हसू मावेना, डोळ्यांतून पाणी आलं.

दारातून डॉक्टर मागं फिरले. हळूच म्हणाले, "नियम मलाही ठाऊक आहे. तो असा गप्प बसला होता ना, मला भीती वाटली. म्हणून भांडलो."

दुसऱ्या दिवशी मंदार आला. "दादा, पोलीस कम्प्लेंटच्या भानगडीत पडू नकोस यार. तुझं स्टेटस पेंडिंग आहे. उगाच लफडं होईल." मलाही तेच वाटत होतं, रात्रभर त्याच भीतीनं झोप नव्हती. पण पोलीस आले तेव्हा रब्बी खुर्ची ओढून माझ्या उशाशी बसले. फाटका ओठ शिवलेला, नवा चष्मा अजून यायचा होता. प्रश्न मला विचारला की आधी ते खाकरायचे. अधिकारी माझ्या कागदांकडं वळला, तर म्हणाले, "त्याच्या मांडीत बाटली होती. कागद नव्हते."

ती पोरं कधी सापडली नाहीत. दारावरचा काळा रंग आम्ही दोघांनी मिळून खरवडला. टपालपेटीही ते स्वतः जाऊन नवी बसवून आले. तिरकी.

एकदा मी विचारलं, "एवढी घाई का केलीत? तुमचाच जीव गेला असता."

त्यांनी चष्मा काढून पुसला. मग म्हणाले, "तिकडं युरोपात माझ्या वडिलांना भररस्त्यात मारलं. मी लहान होतो. लोकांनी खिडक्या लावून घेतल्या. चांगले लोक होते. विचार करत होते."

दोन हजार सातच्या थंडीत, एका बुधवारी, शिकवता शिकवता ते खुर्चीतच कलंडले. ओरडले नाहीत, काही नाही. मी तेव्हा खालच्या मजल्यावर होतो.

त्यांच्यात माणसाला लगेच पुरतात. माती लोटायचं काम मजुरांवर सोडत नाहीत, आप्तेष्ट स्वतः करतात. फावडं हातातून हातात द्यायचं नाही, मातीत रोवायचं. पुढच्यानं आपलं आपण उचलायचं. मी कडेला उभा होतो. आपण हात लावावा की नाही, कळेना. डॉक्टरांनी तीन फावडी माती टाकली, चालत माझ्यापर्यंत आले आणि फावडं माझ्या बुटापुढं रोवलं.

माती गोठलेली. लाकडी पेटीवर पडताना मोठा आवाज व्हायचा.

नंतर कळलं, त्यांच्यात कबरीवर फुलं वाहत नाहीत. येणारा माणूस एक लहानसा दगड ठेवून जातो. मी आलो होतो, एवढंच सांगायला. डॉक्टर म्हणाले, "वाटेवरचा कुठलाही चालतो."

मी अजून ठेवलेला नाही. इथला दगड उचलायला मन होत नाही. आमच्या घाटाखाली कृष्णेत काळे, गुळगुळीत गोटे असतात, तळहातात बसणारे. पण कागद अजून वकिलाकडेच आहेत. हा देश सोडला तर परत येता येणार नाही, असं तो सांगतो.

येतील कधीतरी कागद. तेव्हा मी गावी जाईन, आईला भेटेन, नदीत गुडघाभर उतरेन. चांगला पाहून एक गोटा घेईन आणि परत येईन. रब्बी, तुमचं देणं एवढ्यानं फिटणार नाही, ठाऊक आहे. पण सुरुवात तिथून करीन. हा माझा शब्द.