गाडीच्या नाकाला मांजरपाट

काळाचौकीत कुशाबाइतका गाडीला जपणारा टॅक्सीवाला दुसरा नव्हता, आणि त्याच्या टॅक्सीइतकी रडतखडत चालणारी टॅक्सीही दुसरी नव्हती. या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध असेल, हे मात्र तीन महिने त्याच्या डोक्यात आलं नाही. जीव लावणाऱ्या माणसाला एवढं साधं दिसत नसतं.

कुशाबा मूळचा साचेवाला. उभा जन्म गिरणीच्या साचेखात्यात मागावर कापड विणण्यात गेला. मग संप झाला, गिरणीचा भोंगा गप्प झाला, आज उघडेल उद्या उघडेल करता करता दीड वर्ष गेलं. शेवटी कुशाबानं टॅक्सीचा बिल्ला काढला आणि गिरगावच्या बाबुरावांची फियाट चालवायला घेतली. गिरणीतून त्याच्याबरोबर दोनच गोष्टी घरी आल्या होत्या. एक मांजरपाटाच्या जाडसर कापडाचं अर्धं ठाण, आणि दुसरा खोकला.

पहिल्याच आठवड्यात रघु मेकॅनिकनं बॉनेट उघडून त्याला सगळी ओळख करून दिली. वरचा गोल डबा दाखवून तो म्हणाला, "हे हिचं नाक. इथून हवा घेते. आत फिल्टर हाय, तो धूळ अडवतो."

कुशाबानं फिल्टर बोटानं चाचपून पाहिला. एवढासा कागद, आणि लालबाग-परळची ती धूळ! घरी येऊन तो बायकोला म्हणाला, "मालन, माझ्या छातीत कापूस गेला तेव्हा कोणी विचारलं नाही. हिच्या छातीत मी कण जाऊ द्यायचो नाही." त्यानं मांजरपाट टर्रकन फाडला, चार पदर केले, फिल्टरभोवती गुंडाळला आणि वरून सुतळीनं करकचून बांधला. दर रविवारी मालन तो धुवायची आणि नवऱ्याच्या हुकमानुसार खळ घालून कडक वाळवायची. खळ दिल्याशिवाय कापडाला कापड म्हणायचं नाही, हा साचेखात्यातला धर्म होता. धुताना कापडातून काळं पाणी निघालं की कुशाबा बादलीत डोकावून समाधानानं मान हलवायचा.

इकडे गाडीचा पिकअप गेला. पाय तळापर्यंत दाबावा तर गाडी नुसती घुरघुरायची, मागून काळा धूर सोडायची आणि मग उपकार केल्यासारखी हलायची. एकदा खुद्द बाबुराव मागे बसले असताना हिंदमाताला एक हातगाडी पुढे निघून गेली. हातगाडीवाल्यानं वळून हातही केला. बाबुराव शांत स्वभावाचे, पण हा हात त्यांना झोंबला. "कुशाबा, शनिवारी मी पुन्हा बसणार. गाडी अशीच चालली तर चावी दुसऱ्याला देईन. राग मानू नकोस."

राग कसला मानतो! टॅक्सी गेली की मुंबई गेली. चाळीतले निम्मे गडी गावाला परतलेच होते, आणि मालननंही फळीवरची ट्रंक खाली काढून पुसून ठेवली होती. त्या ट्रंकेकडे बघवत नाही म्हणून कुशाबा भिंतीकडे तोंड करून जेवायचा.

तो रघुकडे खेपा घालू लागला. रघुनं प्लग बदलले, कार्बोरेटर धुतला, क्लच तपासला. पण गंमत अशी, की गॅरेजकडे निघण्याआधी कुशाबा नेमानं तो मांजरपाट सोडून, घडी करून खिशात ठेवायचा. तेलकट हात आणि पांढरं कापड! गिरणीत कापडावर तेलाचा डाग पडला की साचेवाल्याची खैर नसे. ती भीती हाडात मुरलेली. मग रघु गाडी घेऊन फेरी मारायचा आणि गाडी वाऱ्यासारखी पळायची. घरी परतला की कुशाबा मांजरपाट पुन्हा बांधायचा, आणि गाडी पुन्हा मेंगळट!

शेवटी रघु वैतागला. "गाडीत काय पण नाय. फॉल्ट तुझ्या पायात हाय. घाबरतोस तू दाबायला."

कुशाबाला ते पटलं, हेच वाईट. साच्यापुढे उभं राहून राहून पाय बधिर झाला असेल, असं म्हणून तो रात्री मालनकडून उजव्या पायाला तेल चोळून घेऊ लागला.

शुक्रवारी पहाटे तो नेहमीप्रमाणे भाऊच्या धक्क्यावर गेला. शीव कोळीवाड्याची गुणवंती त्याची रोजची गिऱ्हाईक. मासळीच्या पाट्या कॅरिअरवर चढवून दादरच्या बाजारात जायची. मासळी घ्यायला दुसरे टॅक्सीवाले नाक मुरडत, कुशाबा नाही. रे रोडच्या पुलावर गाडी अर्ध्यातच धापा टाकू लागली आणि गुणवंतीच्या तोंडाचा पट्टा सुटला.

"मेल्या, म्हावरा सडंल माजा! नाक बांदलंस काय हिचा? नाक बांदून कोन पूल चढंल?"

"बांधलंय की," कुशाबा सरळपणे म्हणाला.

"काय बांदलंस?"

"नाक. धूळ जाते ना आत."

गुणवंती गाडीतून उतरली. तिनं बॉनेट उघडायला लावलं, डब्याचं झाकण काढायला लावलं, आणि आतला तो कडक खळीचा काळा गठ्ठा पाहून पुलाच्या कठड्याला धरून हसत सुटली. कुशाबाला आधी राग आला. मग रघुचं गॅरेज आठवलं, खिशातली घडी आठवली, रोज रात्रीचं तेल आठवलं. त्याला अशी लाज वाटली की तोही हसायला लागला. हसता हसता त्याला खोकला लागला आणि थांबेचना. बंपर धरून तो रस्त्यावरच बसला.

गुणवंतीचं हसू मावळलं. तिनं त्याची पाठ चोळली, पाणी दिलं. "म्हून बांदलंस व्हय रं," एवढंच म्हणाली.

कुशाबानं मांजरपाट काढून डिकीत टाकला आणि गाडी चालू केली. पायाचा नुसता भार पडला तशी फियाट पूल चढून पलीकडे उतरलीसुद्धा. कुशाबाला इतका आनंद झाला की समोर कोणी नसताना त्यानं दोनदा हॉर्न वाजवला.

"हळू चल रं," मागून गुणवंती म्हणाली. तीन महिन्यांत हा शब्द तिच्या तोंडून प्रथमच आला होता.

"म्हावरा सडेल ना, मावशी."

"सडूं दे. आदी डागदराला छाती दाखव. गाडीचा पिकअप आला, तुजा कुटं हाय?"

"उद्या बाबुराव बसले की आधी त्यांना हा पूल दाखवतो," तो म्हणाला, आणि त्यानं पाय दाबला.