मावशीच्या फ्लॉप्या आणि अकरा स्थळं

हे मी सांगायचं नाही, असं ठरलं होतं. "ऑफिसातलं ऑफिसात!" सुधामावशीने बजावलं होतं. मी फारशी बोलत नाही, म्हणून तर मे महिन्याच्या सुट्टीत तिने मला सोबत नेलं. पण न बोलणाऱ्या माणसाकडेच किस्से जास्त साठतात, त्याला मी काय करू?

मावशीचं काम असं: जुन्या कॉम्प्युटरमधल्या याद्या फ्लॉपीवर घ्यायच्या आणि नव्या कॉम्प्युटरमध्ये भरायच्या. मी जुना प्रिंटआउट वाचायचा, तिने नव्या स्क्रीनवर जुळवायचं. आजोबांनी तिला जूनपर्यंत मुदत दिली होती. हातातली तिन्ही कामं नीट झाली तर तिचं स्वतःचं ऑफिस. एक जरी बिघडलं, तर त्यांनी ठरवलेली क्लार्कची नोकरी.

*

पहिलं काम पंचवटीतल्या वाचनालयाचं. कॉम्प्युटर फ्लॉपी आत घेईना. मावशीने स्क्रू काढले, तर आत सगळं लालभडक!

"काका, हे काय?"

"कुंकू," ग्रंथपाल काका म्हणाले. "दर दसऱ्याला पूजा करतो. एकदा त्या फटीतून थोडी साखरही भरवली होती."

*

याद्या नव्यात गेल्या, तरी काका सही करेनात. जुन्या स्क्रीनवर पुस्तकं दिसतच होती ना!

"टेम्पो भरला की जुनं घर रिकामं होतं. हे कुठे झालंय?"

मावशीने अर्धा तास समजावलं. शेवटी तिने जुन्या मॉनिटरचं बटण बंद केलं.

"आता?"

"आता झालं!" म्हणत काकांनी सही केली.

*

दुसरं काम गंगापूर रोडवरच्या डोळ्यांच्या डॉक्टरांचं. रिसेप्शनवरची ताई स्वतःच्या लग्नासाठी रजेवर, आणि पासवर्ड फक्त तिलाच माहीत. डॉक्टर घामाघूम! तेवढ्यात बाकावरचे एक आजोबा म्हणाले, "एम, ओ, जी, आर, ए. मोगरा. ती रोज मोठ्याने म्हणत टाइप करते."

"आजोबा, तुमच्या तर डोळ्याला पट्टी आहे!"

"डोळ्याला आहे. कानाला नाही."

*

तिथे जन्मतारखा नव्हत्याच, फक्त वय लिहिलेलं. त्यामुळे एक आजी आठ वर्षं अठ्ठावन्नच्याच राहिल्या होत्या. नव्या कॉम्प्युटरने जन्मतारीख मागितली आणि त्या एका दिवसात सहासष्ट झाल्या.

"जुनाच बरा होता गं," त्या मावशीला म्हणाल्या. "माणसाची कदर होती त्याला."

*

तिसरं काम वधू-वर मंडळाचं. तिथले अप्पा फार कडक. रविवारी मेळावा होता, आणि प्रत्येक मुलाला जुळणाऱ्या मुलींची यादी पोस्टाने पाठवायची होती. मावशीने ती नव्या कॉम्प्युटरवर छापून पाठवली.

तिला एक गोष्ट नंतर कळली. लग्न ठरलं की मंडळात ते नाव पुसत. पण जुना कॉम्प्युटर नाव खरं पुसायचाच नाही, नुसती खूण करून लपवून ठेवायचा. नव्याला ती खूण कळली नाही. लपलेले सगळे नवरदेव परत आले, आणि त्यांनाही पत्रं गेली!

शनिवारी निफाडहून एक बाई आल्या, कडेवर बाळ, हातात पाकीट.

"अप्पा, आमच्या मालकांना अकरा स्थळं आली हायेत!"

मावशी पांढरीफटक पडली. मी प्रिंटआउटमागे तोंड लपवलं. अप्पांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला.

बाईंनी यादी टेबलावर पसरली. "यातली चार नंबरची लय चांगली वाटतेय. माझ्या धाकट्या दिराला दाखवा की!"

अप्पांनी चार नंबरवर पेन्सिलने खूण केली. मग त्यांनी मावशीकडे वळून विचारलं, "अशी किती पत्रं गेली?"

"सव्वीस," मावशी कशीबशी म्हणाली.

"म्हणजे सव्वीस घरचे दीर," अप्पा म्हणाले. "ही चूक दरवर्षी करायची!"

इतक्यात एक गृहस्थ दारात आले. कडक इस्त्रीचा शर्ट, हातात तसंच पाकीट. त्यांनी मागे कोणी नाही ना ते पाहिलं, आणि अगदी हळू आवाजात विचारलं, "यातली दोन नंबरची..."

थांबा हं, मावशी हाक मारतेय. तिच्या ऑफिसची पाटी लावायची आहे, आणि मी स्टूल धरल्याशिवाय ती वर चढत नाही.