अप्पांचं ‘बोल’

मी लिहिलेल्या प्रोग्रामने एका दुपारी आमचं अख्खं ऑफिस बंद पाडलं. वीज होती, मशीन चालू होतं, फक्त ते कुणाचं ऐकत नव्हतं. सगळ्या टर्मिनलांवर एकच तक्रार: नवीन काम सुरू करता येत नाही. सगळे वळून माझ्याकडे बघायला लागले. मीही वळून मागे बघितलं, पण माझ्यामागे भिंत होती.

अंधेरीच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका गाळ्यात आम्ही कॉम्प्युटर बनवायचो आणि आमचे मुख्य होते अप्पा. गिरणी कामगाराचा मुलगा, मूळचे मालवणकडचे. राग आला की मालवणीत बोलायचे आणि माया आली तरी मालवणीतच, त्यामुळे नेमकं काय आलंय ते समोरच्याने ओळखायचं. माहुलच्या एका कारखान्यासाठी बनत असलेलं मशीन हे निवृत्तीआधीचं त्यांचं शेवटचं. त्यावरचं शेल, म्हणजे आपण टाइप केलेला हुकूम घेऊन मशीनकडून काम करून घेणारा प्रोग्राम, बाहेरून विकत घ्या असं मालक म्हणत होते. अप्पा म्हणाले, “कित्याक? आमचो झील लिवतलो.” हा झील, म्हणजे मुलगा, मी. आता मशीन नाकारलं गेलं असतं तर मान अप्पांची खाली जाणार होती.

अप्पांची एक रीत होती. काम सांगायचं आणि आपल्या कामाला लागायचं. कुणाच्या डोक्यावर उभं राहायचं नाही. पण तो माणूस परत आला की हातातलं टाकून, चष्मा कपाळावर चढवून म्हणायचे, “बोल.” आणि पूर्ण ऐकायचे. काम बिघडलं असलं तरी. “फसलं तर फसलं म्हणून सांग ना रे. खातो काय मी तुला?”

त्या दुपारी ते आले, गोंधळ बघितला आणि शांतपणे विचारलं, “हिला का बसवून ठेवलंयस?”

माझ्या टेबलाच्या कडेला आमच्याच ऑफिसातली नलू बसली होती, मांडीवर मशीनची टेप घेऊन. सकाळी मीच तिला ती आणायला वांद्र्याला पिटाळलं होतं.

“केव्हाची आलीये, अप्पा! हा मान वर करेल तर ना. पाठवतो आणि विसरतो.”

“तुझ्या शेलने हेच केलंय बघ,” अप्पा मला म्हणाले.

आणि तसंच होतं. एखादं काम मागे चालू ठेव असं शेलला सांगितलं, की आपण पुढचं टाइप करायला मोकळे. पण ते संपल्यावर ‘कसं झालं?’ असं शेलने विचारेपर्यंत त्याची नोंद मशीनच्या कामांच्या तक्त्यात अडून राहते. माझं शेल कुणाला काही विचारतच नव्हतं. संपलेल्या कामांनीच तक्ता भरला, नव्याला जागा कुठली!

मी घाईने दुरुस्ती केली. आता शेल मागे सोडलेल्या प्रत्येक कामाची वाट बघत ठप्प बसायला लागलं.

“झकास,” अप्पा म्हणाले. “चहा सांगितलास आणि चहावाल्याच्या मागोमाग जिना उतरलास. इथलं कोण करणार, तुझा मेव्हणा?”

अखेर जमलं. दर नवा हुकूम घेण्याआधी शेल एकदा बघून घ्यायचं, कुणी काम संपवून आलंय का. आलं असेल तर त्याचं ऐकून त्याला मोकळं करायचं. नसेल तर न थांबता पुढे. थोडक्यात, अप्पांचं ‘बोल’ मी मशीनला शिकवलं होतं. कारखान्याचे साहेब आले, बघून गेले, मशीन पसंत पडलं.

मशीन माहुलला जाण्याआधीच अप्पा निवृत्त झाले. शाल-नारळ काखेत मारून जाताना मला म्हणाले, “तिकडे चालू झालं की सांग रे.”

“म्हणजे काय अप्पा, लगेच!”

पुढच्या वर्षी कधीतरी मी घाटकोपरला त्यांच्या घरी गेलो. मला बघताच त्यांनी पेपर खाली ठेवला, चष्मा कपाळावर चढवला.

“बोल.”

“काही नाही, सहज आलो.”

आतून काकू कडाडल्या, “सहज काय, सहज? ते माहुलचं मशीन चाललं का ते सांग आधी! वर्षभर डोकं खाल्लंय ह्यांनी माझं. पोरगा आला नाही, म्हणजे नक्की फसलं!”

“अहो, चाललं ना! पहिल्याच दिवशी चाललं!”

अप्पांनी डोळे मिटून एक लांब श्वास सोडला. मग आत तोंड करून म्हणाले, “आयकलंस गो? मशीनाक अक्कल इली. ह्येका अजून येवची आसा.”