सामायिक लायब्ररी

कुंदाताईंना दिसत नाही. ऑफिसातला लिनक्सचा संगणक आम्ही दोघं आळीपाळीने वापरतो. त्यांना तो पडद्यावरचं वाचून दाखवतो. आज सकाळी माझ्या एका प्रोग्रॅमसाठी मी त्यातली एक सामायिक लायब्ररी, म्हणजे अनेक प्रोग्रॅम मिळून वापरतात ती फाइल, अपडेट केली. दुपारी पाहतो तर ताई हेडफोन लावून नुसत्याच बसलेल्या.

"बोलतच नाहीये हा. माझ्याच हातून काही बिघडलं वाटतं."

त्यांना वाचून दाखवणारा प्रोग्रॅमही त्याच लायब्ररीवर चालत होता. सामायिक भिंतीत खिळा ठोकतानाही आपण शेजाऱ्याला विचारतो. मला लाज वाटली.

"तुम्ही नाही ताई, मी बिघडवलं," म्हणत मी जुनी आवृत्ती परत बसवली. संगणक बोलू लागला.

"पुढच्या वेळी आधी सांगाल ना?"

मी नुसती मान हलवली. त्या उत्तराची वाट पाहत राहिल्या.

"हो," मी म्हणालो.