लिफ्टमागची खोली

मास्तर कधी शाळेत शिकवायला गेले नव्हते. शिकायलाही फारसे गेले नव्हते. शहरातल्या एका बड्या हॉटेलात चौतीस वर्षं त्यांनी खोल्या लावल्या आणि त्यातली शेवटची पंधरा वर्षं खोल्या कशा लावायच्या ते नव्या पोरापोरींना शिकवलं, म्हणून ते मास्तर. चादरीवर सुरकुती राहिली तर ते ओरडत नसत. नुसते पलंगाशेजारी उभे राहून त्या सुरकुतीकडे बघत बसत. त्यापेक्षा ओरडा परवडला, असं पोरं म्हणायची.

निवृत्त होऊन चार वर्षं झाली, पण जित्याची खोड कुठे जाते? सकाळी सहाला उठून ते घरचा पलंग असा ताणून लावायचे, की संध्याकाळपर्यंत बायकोला त्यावर टेकायची सोय नाही. ती टेकली की हे लगेच बघणार. ‘‘माझं घर आहे का तुमचं हॉटेल?’’ असं ती दिवसातून एकदा तरी विचारायची, आणि मग मुद्दाम मधोमध बसायची.

या दोघांची एकुलती एक मुलगी सहा वर्षांपूर्वी लग्न करून परदेशी गेली. तिकडेच तिला मुलगी झाली. नात आता चार वर्षांची होती आणि आजी-आजोबांनी तिला फोनच्या काचेशिवाय कधी पाहिलं नव्हतं. त्यामुळे मुलीचा फोन आला, की आम्ही तिघं नऊ दिवसांसाठी येतोय, तेव्हा तिसऱ्या मजल्यावरच्या त्या दोन खोल्यांत जी धांदल उडाली ती विचारू नका. पडदे दोनदा धुतले गेले. मास्तरांनी कुठूनशी लहान मुलांची खाट आणली, तिच्या कडा घासून घासून गुळगुळीत केल्या. बायकोने मात्र आधीच ठरवून टाकलं होतं, की नात आपल्या दोघांच्या मध्ये झोपणार.

‘‘मग खाट कशाला?’’ मास्तर म्हणाले.

‘‘ती दुपारची,’’ बायको म्हणाली, आणि विषय संपला.

येण्याआधी आठ दिवस मुलीचा पुन्हा फोन आला. बायको भांडी घासत होती, म्हणून मास्तरांनी उचलला.

‘‘बाबा, एक गंमत सांगू? यांच्या कंपनीचं काम तुमच्याच हॉटेलात आहे. राहायची सोयही तिथेच करतायत. मोठा स्वीट देतायत, दोन खोल्यांचा.’’

‘‘जावयांना ना?’’

‘‘आम्हा तिघांना. बाबा, हिला धुळीचा त्रास आहे, डॉक्टरांनी जपायला सांगितलंय. आणि यांचे रात्रीबेरात्री फोन असतात. तुमची झोपमोड कशाला? आम्ही रोज येऊ ना घरी.’’ मग तिचा आवाज खुलला. ‘‘त्यांनी तीन नंबर दिलेत निवडायला. सातशे चार, नऊशे अकरा आणि बाराशे तीन. फोटोत तिन्ही सारखेच दिसतात. तुम्हीच निवडा ना. लहानपणापासून तुमच्या खोल्यांच्या गोष्टी ऐकत आलेय, नंबर मात्र एक लक्षात नाही; तुमच्याइतकं कुणाला कळणार?’’

आता यावर माणसाने बोलायचं काय? एका कानाने ऐकलं तर अंगावर मूठभर मांस चढावं, दुसऱ्या कानाने ऐकलं तर लेक परकी वाटावी. मास्तर म्हणाले, ‘‘बघतो हां.’’ त्यांच्या घरात धूळ! पण डॉक्टरचं नाव पुढे केलं, की बापाचं तोंड बंद होतं.

बायकोला सांगितलं तेव्हा तिचे हात ओलेच होते. मग पदराला हात पुसत तिने एकच विचारलं, ‘‘सातशे चार म्हणजे ती लिफ्टमागचीच ना?’’

चौतीस वर्षं नवऱ्याच्या तोंडून त्या हॉटेलाचं पुराण ऐकलेली बाई ती, तिला काय सांगायचं? सातशे चार दिसायला राजेशाही होती. पण झोपायच्या खोलीच्या भिंतीपलीकडे सामानाची लिफ्ट होती. पहाटे पाचला ती सुरू व्हायची. धुण्याच्या गाड्या, भांड्यांच्या गाड्या. दार आपटायचं, चाकं खडखडायची आणि उशाशी कुणी पेट्या हलवतंय असं वाटायचं. आत झोपलेला माणूस दचकून उठलाच पाहिजे. हॉटेलातली माणसं त्या खोलीला आपसांत ‘शिक्षेची खोली’ म्हणत. एखादा पाहुणा नोकरमाणसांवर डाफरला, ओला टॉवेल अंगावर फेकला, की त्याचं नाव खाली काउंटरवर पोचायचं. पुढच्या खेपेला साहेब गोड हसून सातशे चारमध्ये रवाना. तिथे तो किती दिवस टिकेल, यावर चहाच्या पैजा लागत आणि त्या मास्तर कधी हरले नव्हते.

‘‘द्या तीच,’’ बायको म्हणाली. ‘‘एक रात्र काढतील, फार तर दोन. पोर पहाटे रडत उठली, की येतील बॅगा घेऊन. कुणाला काही कळायचं नाही.’’

‘‘अगं, आपलीच मुलगी आहे.’’

‘‘म्हणूनच सांगतेय. सहा वर्षांनी येतेय हो. मला एक रात्र तरी नात कुशीत हवी.’’ तिचे डोळे भरले होते आणि तिला ते लपवायचंही नव्हतं. मास्तर ‘बरं’ म्हणाले. त्यांनाही नात कुशीत हवी होती. फक्त ते बाईमाणसासारखं बोलून दाखवता येत नव्हतं, इतकंच.

दुसऱ्या दिवशी इस्त्रीचा शर्ट घालून ते हॉटेलात गेले; नेहमीच्या सवयीने मागच्या दाराने. साफसफाई खात्याची मुख्य आता त्यांचीच एक शिष्या होती. कामाला लागली तेव्हा हिचा हात पडद्याच्या दांडीला पुरत नसे, म्हणून तिला सगळे छोटी म्हणत. आता ती अंगाने चांगली भरली होती, तिच्या हाताखाली साठ माणसं होती आणि सगळी तिला मॅडम म्हणत. मास्तर तेवढे छोटीच म्हणायचे.

छोटीने त्यांना तिन्ही खोल्या दाखवल्या. दाखवायची गरज नव्हती, पण मान दिला. नऊशे अकराला दुपारी खालच्या स्वयंपाकघरातला तळणाचा वास अजून चढत होता. बाराशे तीन कोपऱ्यावरची, शेजारी कुणी नाही, वर गच्ची. आत शिरून दार लावलं, की शहर बंद. मास्तरांनी तिथल्या गादीवर तळहात दाबून बघितला, उशा बघितल्या, खिडकीच्या कड्या हलवून बघितल्या. काचेचं टेबल होतं. त्याचे कोपरे चार वर्षांच्या पोरीच्या कपाळाला बरोबर लागतील एवढे उंच होते. ‘‘हे काढून ठेवता येईल ना?’’ असं ते विचारून गेले आणि मग स्वतःवरच चिडले. इथे कोण राहणार होतं?

छोटीच्या टेबलाशी बसून त्यांनी घसा खाकरला. ‘‘सातशे चार लिही.’’

छोटीने पेन खाली ठेवलं आणि ती खो खो हसत सुटली. ‘‘मास्तर! काय गुन्हा केलाय हो पोरीने?’’

ती थट्टेनेच म्हणाली. पण मास्तरांना ते लागलं. काय गुन्हा केला होता तिने? कुणावर डाफरली होती? बापाच्या कामाचा तिला अभिमान वाटला, हाच काय तो. आणि ती चिमुरडी? तिने तर अजून आजोबांचा हातही धरला नव्हता. पहिल्याच पहाटे ती अनोळखी अंधारात दचकून उठणार, आणि ते कुणी केलं? तर आजोबांनी.

‘‘चुकून बोललो,’’ ते म्हणाले. ‘‘बाराशे तीन. आणि ते टेबल काढ.’’

घरी येईपर्यंत मात्र त्यांचा धीर सुटला. दार उघडता उघडताच बायकोने विचारलं, ‘‘दिली का?’’ आणि मास्तर ‘हो’ म्हणाले. आयुष्यभर या माणसाने बायकोशी खोटं बोलायचा सराव केला नव्हता, त्यामुळे ते ‘हो’ इतकं बारीक निघालं, की तिला वाटलं, लेकीच्या मायेने गळा दाटला.

मंडळी आली. विमानतळावर नात आधी आईच्या मागे लपली, मग आजोबांचं बोट धरून चालायला लागली. जेवायला सगळे घरी आले, हसले, फोटो काढले, आणि संध्याकाळी सातला टॅक्सी करून हॉटेलात गेले. बायको खुशीत होती. ‘‘जाऊ दे, जाऊ दे,’’ ती म्हणाली. ‘‘उद्या बघा.’’

दुसऱ्या दिवशी पहाटे पाचला ती उठून फोनजवळ बसली. सहा वाजले, सात वाजले. फोन आला तो अकराला. नात नुकतीच उठली होती. प्रवासाचा शीण असेल, बायको म्हणाली. तिसऱ्या दिवशीही तेच. चौथ्या दिवसापासून ती फोनजवळ बसेनाशी झाली.

रोज यायचं ठरलं होतं. त्याचं एक दिवसाआड झालं, आणि आली तरी दोन-तीन तास. नात घरभर नाचायची, खाटेखाली लपायची, आजीच्या मांडीवर चढायची. एकदाही शिंकली नाही. आजीने ते मोठ्या अभिमानाने जाहीर केलं. ‘‘हो गं आई,’’ मुलगी म्हणाली, ‘‘पण आता झोपेची घडी बसलीय, मोडायला नको.’’ जावई बिचारा भला माणूस, ताटातलं सगळं संपवायचा आणि घड्याळाकडे चोरून बघायचा. राग धरावा असं कुणीच नव्हतं, हीच तर पंचाईत.

पाचव्या दिवशी बायको भाजी निवडताना एकदम म्हणाली, ‘‘तो खडखडाट तिला चालतो.’’

‘‘कसला?’’

‘‘लिफ्टचा. पहाटे पाचपासून उशाशी पेट्या वाजतात, ते चालतं. पोर झोपमोड सोसते, तेही चालतं. आपलं घर तेवढं चालत नाही.’’ तिने मान वर केली नाही. ‘‘मी उगीच समजत होते, धुळीमुळे असेल म्हणून.’’

मास्तरांना तोंड दाबून बुक्क्यांचा मार. सांगावं, तर नातीच्या रात्री नवऱ्यानेच उधळल्या, हे तिला कळणार. न सांगावं, तर आपली पोर आपल्याला विटली, हे उराशी धरून ती बसणार. ते दोनदा बोलायला गेले. एकदा कुकरची शिट्टी झाली आणि ती उठून गेली. दुसऱ्यांदा शिट्टीबिट्टी काही झाली नाही; यांचीच जीभ उचलली नाही. मग ते पलंग लावायला गेले. तो सकाळीच लावून झाला होता.

बायको हॉटेलात एकदाही गेली नाही. मुलीने तीनदा बोलावलं. ‘‘लेक आईकडे येते,’’ ती म्हणाली, ‘‘आई लेकीच्या हॉटेलात जात नाही.’’ पण नवव्या दिवशी विमानाची वेळ अलीकडे आली आणि मुलीचा फोन आला, ‘‘आई, घरी येणं जमत नाहीये. तुम्हीच या ना दोघं. नाहीतर भेट नाही होणार.’’ मग कसला मान आणि कसलं काय. चांगलं लुगडं नेसून ती निघाली.

त्या दिवशी मास्तर आयुष्यात पहिल्यांदा त्या हॉटेलाच्या पुढच्या दाराने आत शिरले. लिफ्टमध्ये दोघंच होते. बायकोने बटणांकडे बघितलं. बारावर मास्तरांचं बोट जाईना. शेवटी त्यांनी बारा दाबलं.

बारावा मजला येईपर्यंत ती नुसती त्यांच्याकडे बघत राहिली, सुरकुतीकडे ते बघायचे तशी.

खोलीत सुई पडली तरी ऐकू येईल अशी शांतता होती. बॅगा दाराशी भरून ठेवल्या होत्या. मोठ्या पलंगाच्या मधोमध नात गाढ झोपली होती, तोंड उघडं, एक पाय दुलईबाहेर.

‘‘उठवू नकोस हं आई,’’ मुलगी कुजबुजली. ‘‘पुढे तेरा तासांचा प्रवास आहे.’’

आजी पलंगाच्या कडेवर टेकली. तिने नातीच्या तळपायावर हात ठेवला आणि तसाच ठेवून ती बसली. वीस मिनिटं. मग जावयाने हळूच नातीला खांद्यावर घेतलं, तेव्हाही ती उठली नाही.

खाली टॅक्सीत बसताना मुलीने बापाला मिठी मारली. ‘‘बाबा, खरं सांगते, अशी झोप हिला कधी लागली नव्हती. पुढच्या वेळीही हीच खोली हं. तुम्हीच सांगून ठेवा त्यांना.’’

‘‘हो, ठेवतो,’’ मास्तर म्हणाले.

टॅक्सी गेली. दोघं बसस्टॉपवर येऊन बसले. दोन बस आल्या आणि गेल्या.

‘‘इतके दिवस मला वाटत होतं, की तिला लिफ्ट चालते पण आई चालत नाही,’’ बायको म्हणाली. ‘‘आणि तुम्ही बघत बसलात.’’

‘‘सांगितलं असतं, तर म्हणाली असतीस, तुम्हीच तिला लांब ठेवलंत.’’

‘‘म्हणालेच असते.’’

मग तिने नवऱ्याच्या हाताला धरून अगदी हळू विचारलं, ‘‘अहो, सातशे चार दिली असती, तर आली असती का हो ती?’’

कुठल्या खोलीतून कोण किती दिवसांत पळेल, हे मास्तरांनी आजवर पैजेवर सांगितलं होतं. ‘‘मला नाही सांगता येणार गं,’’ ते म्हणाले, आणि चार लोकांदेखत त्यांना रडू कोसळलं.