कोपऱ्यातली वडी

इमारतीतल्या मुलांनी त्यांचं नाव ‘दोनदाकाकू’ ठेवलं, तेव्हा काकूंना राग आला नाही. “एकदाकाकू ठेवलं असतं तर वाईट वाटलं असतं,” एवढंच त्या म्हणाल्या. कुलूप लावलं की दोनदा ओढून बघायचं, गॅस बंद केला की दोनदा खात्री करायची, भांडं दोनदा धुवायचं आणि दोनदा पुसायचं. चष्म्याच्या दुकानात त्यांनी सव्वीस वर्षं काचा पुसल्या होत्या. आधी ओलं फडकं, मग कोरडं. काचेवर बोटाचा ठसा राहिला तर गिऱ्हाईक डोळ्यांना दोष देतं, असं त्यांचे मालक म्हणत. ती सवय हातात मुरली ती मुरलीच.

घरात या सवयीला आणखी एक कारण मिळालं. काका, म्हणजे काकूंचे यजमान, लिफ्ट दुरुस्तीचं काम करायचे. पंचेचाळिशीत त्यांचं पोट बिघडलं ते काही केल्या थाऱ्यावर येईना. सगळ्या तपासण्या झाल्यावर डॉक्टरांनी सांगितलं, की गव्हात आणि जवात जे ग्लूटेन असतं ते यांच्या आतड्यांना सोसत नाही. थोडंसुद्धा नाही, कणभरही नाही, आणि हे जन्मभरासाठी. काका गोडाचे भोक्ते. दवाखान्याच्या पायऱ्या उतरताना ते म्हणाले, “म्हणजे केक गेला, बिस्किटं गेली. आता गोड काय उरलं? तुझं बोलणं?”

“तेही उरलं नाही,” काकू म्हणाल्या आणि जिन्यावरच डोळे पुसायला लागल्या.

घरातल्या ओव्हनमध्ये दहा वर्षं पाव भाजले गेले होते. काकूंनी तो दोनदा घासला, तिसऱ्यांदा घासला, तरी त्याच्या फटींवर विश्वास बसेना. शेवटी तो शेजारी देऊन टाकला. म्हणून मग जे भाजावं लागत नाही असंच गोड करायचं ठरलं. खजूर कोमट पाण्यात भिजवायचा, बिया काढून हातानेच मळायचा, त्यात बदामाचा भरडा, सुकं खोबरं, कोको आणि चिमूटभर मीठ. चौकोनी डब्यात कागद घालून वर वाटीच्या बुडाने दाबत जायचं, दोन तास फ्रीजमध्ये ठेवायचं आणि वड्या पाडायच्या. यासाठी पाट वेगळा, सुरी वेगळी, वाटी वेगळी. तिन्हींवर काकूंनी निळा रंग लावून घेतला होता. निळ्याला दुसऱ्या कशाचा स्पर्श होऊ द्यायचा नाही, हा घरचा कायदा.

एकदा त्यांनी हौसेने वड्यांवर तीळ पेरले. काका दोन दिवस दातकोरणी घेऊन फिरले. “तीळ म्हणजे दातांमधली वाळू,” ते म्हणाले. पुन्हा त्यांनी आयुष्यात तिळाला तोंड लावलं नाही.

शनिवारी दुपारी वड्या करायच्या आणि चारच्या सुमाराला काका फ्रीज उघडून डब्याच्या बुडावर बोटाच्या सांध्याने वाजवायचे. टक, टक. लिफ्टवाल्याची सवय. दार असो, दोर असो, कलिंगड असो, आधी वाजवून आवाज ऐकायचा. आवाज भरीव आला की म्हणायचे, “बसली गं.” मग कोपऱ्यातली पहिली वडी त्यांची.

पुढे काकांचे दात हलायला लागले आणि बदामाचा भरडा त्यांना चावेना. तेव्हा काकूंनी अर्धे बदाम काढून त्या जागी ओट्स घातले. कोपऱ्यावरच्या वाण्याकडे पिंपात सुट्टे मिळायचे, ते. ओट्समध्ये गहू नसतो हे त्यांनी दोन ठिकाणी विचारून घेतलं होतं. वड्या लोण्यासारख्या मऊ झाल्या. काका खूश.

दोन वर्षं हे चाललं. त्या दोन वर्षांत काका वाळत गेले. पोट पुन्हा दुखायला लागलं, पँटला आणखी दोन भोकं पाडलेला पट्टा लागायला लागला. डॉक्टरांनी विचारलं, “घरात कुठे गव्हाचा संसर्ग होतोय का?” काकूंना ते लागलं. “माझ्या स्वयंपाकघरात गव्हाचा कण सापडायचा नाही,” त्या म्हणाल्या. आणि सवयीने दुसऱ्यांदाही म्हणाल्या. त्या वर्षी कडाक्याच्या थंडीत काकांच्या छातीत कफ झाला. अंगात झुंजायला काही उरलंच नव्हतं. चौथ्या दिवशी ते गेले. कागदावर फुप्फुसांचं कारण लिहिलं होतं.

त्यानंतर तीन आठवड्यांनी काकू वाण्याकडे गेल्या. पुढच्या बाईला वाण्याने पत्र्याच्या मापाने गव्हाचं पीठ काढून दिलं. माप पिंपाच्या काठावर आपटून झटकलं आणि तेच माप ओट्सच्या पिंपात खुपसत काकूंना विचारलं, “नेहमीइतकेच ना?”

काकू पिशवी रिकामीच घेऊन घरी आल्या. कोणाला काही बोलल्या नाहीत.

त्याच शनिवारी चार वाजता फ्रीजमधून आवाज आला. टक, टक.

त्यांनी मेकॅनिक बोलावला. त्याने मागचा पत्रा काढला, पुन्हा लावला आणि म्हणाला, “काकू, फ्रीज तुमच्यापेक्षा ठणठणीत आहे.” पुढच्या शनिवारी त्यांनी फ्रीजचं बटण बंद करून ठेवलं. बंद फ्रीजमधून आवाज आला. टक, टक. त्या आवाजापाठोपाठ ‘बसली गं’ मात्र कधी ऐकू आलं नाही. कोणीतरी विचारतंय आणि उत्तराची वाट बघतंय, असं ते वाजायचं.

म्हणून काकू दर शनिवारी वड्या करत राहिल्या. ओट्सशिवाय, पूर्वीच्याच प्रमाणात. कोपऱ्यातली वडी बशीत घालून खिडकीत ठेवायच्या. बाकीचा डबा रविवारी कचऱ्यात रिकामा करायच्या, स्वतः खायच्या नाहीत, कोणाला द्यायच्या नाहीत. अशी सहा वर्षं गेली.

आणि एका शनिवारी अचानक सून आली. ती बसडेपोत तिकीटखिडकीवर बसायची; ड्यूटीचा गणवेश अंगावरच होता. ती खुर्चीवर टेकली आणि म्हणाली, “आई, मुंगीचे रिपोर्ट गेल्या आठवड्यात आले. बाबांना होतं तेच आहे.”

मुंगी म्हणजे नात. नऊ वर्षांची, साखरेच्या मागे फिरणारी, म्हणून मुंगी. काकूंचा हात ओट्यावर होता तो तिथेच राहिला.

“परवा वर्गातल्या मुलीचा वाढदिवस होता,” सून म्हणाली. “सगळ्यांच्या डिशमध्ये केक. आपली पोरगी रिकाम्या डिशवर रुमाल झाकून बसली होती. कोणाला दिसू नये म्हणून. बाईंनी मला सांगितलं तेव्हा कळलं. पुढच्या रविवारी हिचाच वाढदिवस आहे. ती म्हणाली, आजी आजोबांना करायची त्या वड्या मला करून देईल का?”

“मला आता जमत नाही,” काकू म्हणाल्या.

“मग मला शिकवा.”

“विसरले मी. सहा वर्षं झाली.”

सुनेने ओट्याकडे बघितलं. “निळा पाट ओला आहे, आई.” मग तिची नजर खिडकीकडे गेली. “आणि ती वडी कोणासाठी आहे?”

काकूंनी पाट उलटा करून ठेवला.

“सख्ख्या नातीसाठी जमत नाही असं काय आहे त्यात? मला स्पष्ट सांगा. माझं काही चुकलं असेल तर ते माझ्यावर काढा, तिच्यावर नको.”

“तुझं नाही गं चुकलं,” काकू म्हणाल्या आणि खाली बसल्या. मग बांध फुटावा तसं सगळं बाहेर आलं. दात, ओट्स, पिंप, माप, काठावर आपटल्याचा आवाज. “मी दोनदा पुसत राहिले आणि माझ्याच हाताने त्यांना घास घास भरवत राहिले. डॉक्टरांनी विचारलं तेव्हा मी तोऱ्यात उत्तर दिलं. आता या हाताने त्या पोरीला खाऊ घालू? उद्या तिचं पोट दुखलं तर?” फ्रीजच्या आवाजाबद्दल मात्र त्या बोलल्या नाहीत.

सून गणवेशावरच्या बिल्ल्याच्या पिनेशी चाळा करत राहिली. मग म्हणाली, “आई, एक सांगू? बाबा बाहेर खायचे. आमच्या डेपोसमोर बेकरी आहे ना, तिथे मी त्यांना बघितलंय. एकदा नाही, बऱ्याचदा. तुम्हाला वाईट वाटेल म्हणून बोलले नाही.”

काकूंनी मान वर केली. “काय खायचे?”

“पाव.”

“कसला?”

सुनेने क्षणभर खिडकीबाहेर बघितलं. “तिळाचा,” ती म्हणाली.

सव्वीस वर्षं काचेवरचा पुसट ठसा हेरणाऱ्या नजरेने काकू तिच्याकडे बघत राहिल्या. ही मुलगी खिडकीमागे बसून दिवसभर लोकांना ‘गाडी येईलच’ सांगते. तिला खोटं बोलता येत नव्हतं असं नाही. पण सासूसाठी ती पहिल्यांदाच खोटं बोलत होती, आणि तिचे कान लाल झाले होते. काकूंच्या मनावरचा दगड तसूभरही हलला नाही. पण तो दगड बघूनही कोणीतरी उठून गेलं नव्हतं, शेजारी बसून राहिलं होतं.

“तिळाचा होय,” काकू म्हणाल्या. “असेल.” आणि थोड्या वेळाने म्हणाल्या, “पुढच्या शनिवारी तिला घेऊन ये. सामान सगळं बंद पाकिटातलं आण. सुट्टं काहीही नको. पाकीट माझ्यासमोर फोडायचं.”

शनिवारी मुंगी आली ती बाह्या वर सरसावूनच. काकूंनी तिचे हात दोनदा धुवायला लावले. पाकिटांवरची बारीक अक्षरं काकूंनी वाचली, मग सुनेला वाचायला लावली. मुंगीने खजुराच्या बिया काढल्या, एक बी सुटली ती आजीने बोटांनी चाचपून शोधली. कागद, मिश्रण, निळी वाटी, दाबणं. डबा फ्रीजमध्ये गेला. तिघी पत्ते खेळत बसल्या आणि काकू प्रत्येक डाव हरल्या, कारण त्यांचे कान दुसरीकडेच होते.

चार वाजता आवाज आला. टक, टक. सुनेने पत्ता टाकला, मुंगीने तो उचलला. त्यांना काही ऐकू आलेलं दिसलं नाही.

काकू उठल्या. सुरी गरम पाण्यात बुडवून, पुसून त्यांनी वड्या पाडल्या. कोपऱ्यातली उचलून बशीत ठेवली. दुसरी हातात घेतली आणि हात तिथेच थांबला. मुंगीनेही हात पुढे केला नाही. आईने तिला शिकवलं होतं, काहीही खाण्याआधी विचारायचं.

“आजी, यात काय काय आहे?”

“खजूर, बदाम, खोबरं, कोको, मीठ,” काकूंनी सांगितलं. आणि पुन्हा सांगितलं.

मुंगीने वडी घेतली, पण तोंडात घातली नाही. ती खिडकीतल्या बशीकडे बघत होती. “ती आजोबांची ना? त्यांना पण माझ्यासारखंच होतं?”

“हो.”

“मग त्यांना कोण सांगणार, यात काय आहे ते? त्यांना तर विचारता येत नाही.”

कोणी उत्तर द्यायच्या आत ती खिडकीपाशी गेली, बशीवर वाकली आणि शाळेत धडा म्हणावा तशा स्वरात म्हणाली, “खजूर, बदाम, खोबरं, कोको, मीठ. दुसरं काही नाही.” मग मागे वळून बघितलं. “बरोबर ना, आजी?”

काकू खिडकीपाशी आल्या. “बरोबर,” त्या म्हणाल्या. मग बशीकडे बघत, अगदी हळू, दुसऱ्यांदा म्हणाल्या, “या वेळी बरोबर आहे.”

फ्रीज नुसता घुमत होता; त्यातून आता कोणी काही विचारत नव्हतं. मुंगीने वडी तोंडात घातली, आणि काकू स्टूल ओढून तिच्यासमोर बसल्या, तिचा चेहरा बघत. पोट दुखायचं असेल तर दोन दिवसांत कळतं, हे त्यांना माहीत होतं. दोन दिवस त्या तिथून हलणार नव्हत्या.